जोडून आलेली सुट्टी
महिनाभर सुधन्वा घसा कोरडा करून सांगत होता, अंदमानात विंडसर्फिंग करायचं तर आधी वारा बघा, मग तिकिटं काढा. पण ऑफिसातल्या मित्रांनी बघितलं ते कॅलेंडर. "यार, बुद्धपौर्णिमेला जोडून वीकेंड येतोय, चलो!" सुयश म्हणाला आणि ठरलं. बेटावर समुद्र तेल ओतल्यासारखा निपचित पडलेला. प्रशिक्षकाने सुधन्वाला वाळूतच फळीवर उभं केलं, गुडघे वाकवून शीड धरायला शिकवलं आणि हात झटकले. मित्र सावलीत बसून दिल्लीच्या द्वारका भागातल्या फ्लॅटच्या भावांवर वाद घालत राहिले. परतल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी दिल्लीत धुळीची आंधी उठली. बाल्कनीत वाळत घातलेली चादर सुधन्वाच्या हातात टम्म फुगली. समोरच्या बाल्कनीतून सुयश ओरडला, "यार, दार लाव!" आतून बायकोही ओरडली, "अरे, चादर आत आण!" सुधन्वाने गुडघे वाकवले. "थांब गं, आत्ता कुठे वारा आलाय!"