झेंडा कोणाकडे होता

“झेंडा कोणाच्या टेबलावर होता, एवढंच मला सांगा,” साहेब म्हणाले.

“ताईंच्या,” धाकटा म्हणाला.

त्यात खोटं काही नव्हतं. वीतभर काडीला लावलेला तो लाल झेंडा सकाळपासून ताईंच्याच पेनस्टँडात खोचलेला होता. अख्ख्या ऑफिसने पाहिला होता.

शहरातल्या सगळ्या रुग्णवाहिका या ऑफिसातल्या प्रोग्रामवर चालत. एकच गाडी दोन पेशंटना दिली जाऊ नये म्हणून ताईंनी त्यात सेमाफोर घातला होता. रेल्वेच्या जुन्या सिग्नलचा हात आडवा असला की गाडी थांबते, तसंच. एक जण आत आहे तोवर बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. मशीन हे निमूट पाळत असे. माणसं कुठली पाळायला! म्हणून माणसांसाठी झेंडा. ज्याच्या टेबलावर झेंडा, त्यानेच चालू सिस्टिमला हात लावायचा. सर्व्हरचं लॉगिन सगळ्यांचं एकच होतं, त्यामुळे कोणी काय केलं याला झेंड्यावाचून दुसरा साक्षीदार नव्हता.

आज अकरा वाजून वीस मिनिटांनी ताईंच्या अर्धवट कामावर कोणीतरी आपलं काम चढवलं आणि सिस्टिम बसली. सतरा मिनिटं एकही गाडी सुटली नाही. छातीत दुखणाऱ्या एका म्हाताऱ्याला शेजाऱ्यांनी टॅक्सीत घालून नेलं. तो वाचला. पण मुख्य ऑफिसला संध्याकाळपर्यंत एक नाव हवं होतं, आणि ज्याचं नाव जाणार त्याची नोकरीही जाणार होती.

ताई त्या वेळी जागेवर नव्हत्या. दहालाच बाहेर पडल्या होत्या. हे खोलीतल्या दोघांनाच ठाऊक होतं, एक त्या आणि दुसरा धाकटा. या आठवड्यात कोणालाच रजा नव्हती, म्हणून त्या न सांगता निघाल्या. जाताना झेंडा त्याच्या जागी परत ठेवायला उठल्या, तर धाकट्यानेच अडवलं. राहू द्या, म्हणाला, साहेबांना वाटेल तुम्ही इथेच कुठेतरी आहात, आणि तुमच्या कामाला कोणी हातही लावणार नाही. ताईंना ते पटलं. स्वतः केलेला नियम त्यांनी स्वतःच वाकवला.

धाकटा नात्याने त्यांचा कोणी नव्हता. सात वर्षांपूर्वी तो नवखा आला, तेव्हा ताईंनी त्याला हाताला धरून काम शिकवलं. त्याच्या पहिल्या चुकीची बोलणी त्यांनी खाल्ली, आणि त्यांचा अर्धा डबा रोज त्याने खाल्ला. ऑफिस दोघांना थोरली-धाकटा म्हणे. कामाच्या यादीत साहेबही तसंच लिहीत.

म्हणून धाकटा आता बोलेल, मग बोलेल, अशी ताई वाट बघत होत्या. पोर घाबरलंय, त्यांना वाटलं. घाईत लावला असेल हात. त्याने नुसतं ‘मी केलं’ म्हणावं, पुढचं साहेबांशी त्या बघून घेणार होत्या. काय बोलायचं तेही त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं.

“पण अकरा वीसला ताई जागेवर होत्या का?” साहेबांनी विचारलं. “मला काही दिसल्या नाहीत.”

धाकट्याने टेबलाच्या काचेकडे बघितलं.

“होत्या. मी पाहिलं ना. टाइप करत होत्या.”

खोटं एका शब्दात भागलं असतं. टायपिंग त्याने पदरचं घातलं होतं. ताई याही वेळी आपल्याला सांभाळून घेतील, तोंडातून ब्र काढणार नाहीत, हे त्याने धरूनच ठेवलं होतं. सात वर्षं आपण याला नेमकं हेच शिकवलं की काय, असं त्यांना वाटून गेलं आणि डोळे भरून आले.

तुम्हाला काही सांगायचंय का, असं साहेबांनी विचारलं. ताईंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. डोळ्यांच्या हॉस्पिटलचा होता. साहेब चष्मा सावरून पुटपुटत वाचू लागले. मोतीबिंदूचं ऑपरेशन. आत नेलं सव्वाअकराला, बाहेर आणलं बाराला. सोबत थांबलेल्या नातेवाइकाची सही, ती ताईंची. पेशंटशी नातं, मुलगी.

“मुलगी?” साहेब गोंधळले. “तुमच्या आईंना जाऊन तर चार वर्षं झाली. या बाई कोण?”

ताईंनी साहेबांकडे बघितलंच नाही.

“तुझ्या आईंना तीनला सोडणार आहेत,” त्या धाकट्याला म्हणाल्या. “आणायला आता तू जा.”