भांगेच्या रोपाचा पाहुणचार

मोठ्या कुंडीत हलवल्यापासून भांगेचं रोप मलूल झालं होतं. ईशाच्या आकडीचं औषध त्याच्यापासूनच बनायचं, त्यामुळे तिचे वडील विद्याधर कुंडीच्या बोलक्या यंत्राला कान लावून बसले होते.

"मुळं सडतायत. पाणी नको, सावली द्या," रोप म्हणालं.

"संकोच करू नकोस," शेजारच्या कुसुममावशी तांब्या ओतत म्हणाल्या.

"खरंच नको."

"घोटभर घे. आमच्याकडून कुणी तसंच जात नाही."

विद्याधरनी हात जोडले. "मावशी, ते मनापासून नको म्हणतंय."

"आधी सगळेच नको म्हणतात."

मागे सोसायटीतले सात जण तांबे घेऊन रांगेत उभे होते. शेवटच्या तांब्याला रोपाने मान टाकली.

"बरं, अर्धाच द्या," ते म्हणालं.

"बघ विद्याधर," मावशी म्हणाल्या, "रुळलं."