बाब क्रमांक सात

यंत्रापुढे माणसाला खोटं बोलता येत नाही, अशी निवृत्त लिफ्ट-तपासनीसांची श्रद्धा होती. ही श्रद्धा त्यांना निवृत्तीनंतर जडली. नोकरीत असताना यंत्रांशी त्यांचा संबंध फॉर्मवरच्या चौकोनांपुरता होता. तळमजल्यावर चहा घेता घेता ते सगळ्या चौकोनांत एका दमात बरोबरच्या खुणा करत आणि खाली सही ठोकत. तीस वर्षांत एकाही लिफ्टने त्या सहीचा अपमान केला नाही. केला असेल तर निदान त्यांच्या कानावर आला नाही.

आज दुपारी तीन वाजता ते स्वतःच्या गाडीच्या उघड्या बॉनेटपुढे उभे होते आणि बायको त्यांना तेलकट मोजे दाखवत होती.

“अहो, हे तीनच आहेत.”

“चार असणार. यादीत चार आहेत.”

मुलगी बाळंतपणाला आली होती. तारखेला बारा दिवस होते आणि दवाखाना तीस किलोमीटरवर. सिग्नलला उभी राहिली की गाडी अंगात आल्यासारखी थरथरायची. ऐन वेळी दगा नको, म्हणून इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा तो काळा जुडगा घरीच खोलायचा, आतली काजळी धुवायची आणि परत बसवायचा, असं तपासनीसांनी ठरवलं. एक व्हिडिओ तीनदा बघून त्यांनी तेवीस बाबींची यादी केली. बाब सात: नळ्या काढल्यावर उघड्या पडणाऱ्या भोकांत काही पडू नये, म्हणून प्रत्येकात एक जुना मोजा कोंबणे – ४. बाब सोळा: मोजे काढणे – ४. दोन्हींपुढे ठसठशीत बरोबरची खूण होती. नळ्या परत बसल्या होत्या, दहाही बोल्ट आवळले होते. उरली होती फक्त बाब तेवीस: गाडी चालू करणे.

“तू दिले किती होतेस?”

“मोजून कोण देतं? जोडी हरवलेल्यांच्या पिशवीतून मूठभर काढून दिले.”

“मग यादीच खरी धरायला हवी.”

बायकोने बॉनेटखाली डोकावून पाहिलं. तिथे दिसण्यासारखं काही नव्हतं. “आणि चौथा आत राहिला असेल तर?”

“चालू केली की ओढला जाईल.” तपासनीसांनी पाना पुसला. “मग गाडी गल्लीत बंद पडेल. किंवा चढावर. किंवा कुठेही.” नोटीस वाचून दाखवावी तसं ते बोलले.

“आई, जरा ये गं,” आतून मुलीचा आवाज आला. आवाज मोठा नव्हता, पण बायको धावली. परत आली तेव्हा तिच्या हातात बॅग होती.

“पाणी गेलंय तिचं. निघायचंय.”

“अजून बारा दिवस आहेत.”

“तिच्या पोटातल्याला सांगा. यादी दाखवा त्याला.”

मुलगी भिंतीला हात लावत पायरीपर्यंत आली. कपाळावर घाम होता. “बाबा, करा ना चालू. जाईल तिथवर जाईल.”

किल्ली तपासनीसांच्या खिशातच होती. हात खिशात गेलाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खूण केलेल्या वस्तूत त्यांचं स्वतःचं माणूस बसणार होतं. हात रिकामाच बाहेर आला.

“मला एकदा बघू दे,” ते म्हणाले आणि त्यांनी पाना उचलला.

बायको त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. ती कोपऱ्यावरच्या बेकरीत गेली आणि बेकरीवाल्याला व्हॅनसकट घेऊन आली. पावाचे ट्रे उतरवून तिथे गादी टाकली. मुलीला चढवून बायको स्वतः चढली.

“तुम्ही?”

“चौथा मिळाला की मागोमाग येतो.”

“नीट शोधा,” बायको म्हणाली. “थंडी वाजत असेल त्याला.”

व्हॅन खोकत खोकत वळणाआड गेली. मग गल्लीत फक्त पान्याचा आवाज राहिला. पहिला बोल्ट, दुसरा बोल्ट. सकाळी घट्ट लागलेले बोल्ट आता शहाण्यासारखे सुटत होते, आणि तेच तपासनीसांना बरं वाटत नव्हतं. नववा बोल्ट निघाला तेव्हा फोन वाजला.

“व्हॅन बंद पडलीय,” बायको म्हणाली. “पुलाच्या अलीकडे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तुम्ही गाडी घेऊन या.” तिच्यामागे मुलीचा आवाज येत होता, पण त्यात शब्द नव्हते. “ऐकताय ना? आत्ता या.”

“येतो,” तपासनीस म्हणाले.

त्यांनी दहावा बोल्ट काढला. नळ्यांचा जुडगा उचलून जमिनीवर ठेवला आणि टॉर्च लावला. पहिलं भोक स्वच्छ होतं. दुसरंही. तिसऱ्यात त्यांनी बोट घालून पाहिलं. तेही स्वच्छ होतं. मग त्यांनी टॉर्च पुढे सरकवला आणि ते चौथं शोधू लागले. पुढे सपाट लोखंड होतं. त्यांनी ते शर्टाच्या बाहीने पुसलं. डावीकडून उजवीकडे मोजलं, उजवीकडून डावीकडे मोजलं.

चार भोकं व्हिडिओतल्या गाडीला होती. ही गाडी तीन सिलिंडरची होती.