खोटे पत्ते

नेटवर्कच्या स्विचच्या नोंदींत भिंतीतल्या एका सॉकेटचा नंबर आला. वर्षालीने तो कारखान्याच्या नकाशावर दोनदा पडताळून पाहिला आणि मग नंदकिशोरकडे बघितलं. खोटे पत्ते वाटणारी वस्तू त्याच्याच केबिनमध्ये होती.

चाकणच्या या कारखान्यात मशीन सुरू झालं की त्याला नेटवर्कवरचा एक पत्ता लागतो. तो देणारा सर्व्हर पिंपरीच्या ऑफिसात. चाकणचा स्विच मागणी तिकडे पोहोचवतो आणि उत्तर घेऊन येतो. ही सगळी जोडणी प्रज्वलने केली होती. मशीनना भलतेच पत्ते मिळून लाइन थांबायला लागली, तेव्हा विभागप्रमुख नंदकिशोरने दोष त्याच्या कामाला दिला आणि त्याला काढून टाकलं. लाइन मात्र थांबतच राहिली. आठ महिन्यांनी, नव्याने आलेल्या वर्षालीने स्विचवर पहारा बसवला. पिंपरीशिवाय दुसरं कोणी पत्ता देऊ लागलं, तर ते अडवायचं आणि कुठून आलं ते नोंदवून ठेवायचं.

नंदकिशोर केबिनमध्ये जाऊन टेबलाखाली वाकला. भिंतीतल्या सॉकेटला वायफायचा छोटा डबा जोडलेला होता; असा डबाही नेटवर्कवर आपणहून पत्ते वाटत सुटतो. फोनला रेंज येत नाही म्हणून त्यानेच तो घरून आणून लावला होता, आणि पुढे विसरून गेला होता. त्याने वायर उपटली.

रिपोर्टमध्ये काय लिहू, असं वर्षालीने हळूच विचारलं. स्विच बिघडला होता असं लिहिलं असतं, तरी कोणी खोलात गेलं नसतं. आहे तेच लिही, तो म्हणाला.

शनिवारी तो पिंपरी कॅम्पात गेला. प्रज्वल तिथे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. भिंगाखाली कुणाचा तरी फोन उघडून बसला होता. वाटेत जुळवलेली वाक्यं नंदकिशोरला आठवेनात. डबा माझ्याच टेबलाखाली सापडला, चूक माझी होती, वर लेखी कळवलंय, तू परत ये, एवढं त्याने कसंबसं सांगितलं.

प्रज्वलला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्याने हातातला चिमटा खाली ठेवला.

"मला माहीत होतं, सर. शेवटच्या दिवशी तेच सांगायला आलो होतो. तुम्हाला वाटलं, नोकरीसाठी हातापाया पडायला आलोय. तुम्ही आत येऊच दिलं नाहीत."

 नंदकिशोरने गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं स्टूल पुढे ओढलं आणि तो त्यावर बसला.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला.