पाण्यावरचं बटण

लुपे चित्रकार होती, पण पोटासाठी लोकांच्या वेबसाइट करायची. प्रत्येक कामानंतर तिला रंग रुसल्यासारखे वाटायचे. समुद्रकाठी खोल्या भाड्याने देणारे टाविटाकाका तिच्या पडवीत आपली नवी वेबसाइट बघत होते. "पोरी, हे पाणी कुठलं गं? आपलं तर हिरवं असतं." लुपेने विकतचा फोटो हटवून समुद्राचं आपलं अर्धवट चित्र लावलं. पडदाभर सामोआची दुपार पसरली. "भरती आली," काका पुटपुटले. पण पाण्याच्या मधोमध 'खोली हवी' हे बटण बघून लुपेला आपलं चित्रही विकायला काढल्यासारखं वाटलं. काकांनी लिंक ऑकलंडला पाठवली, वर्षानुवर्षं घरी न फिरकलेल्या लेकीला. लगेच तिचा फोन आला. "बाबा, पाण्याला हात लावला, तर खोलीच बुक झाली!" "मग?" "मग काय, येतेय." काका डोळे पुसत हसले. लुपेने बटण तिथेच ठेवलं आणि नवा कॅनव्हास ताणला.