गंबो उठला का?

लढाईवरून आल्यापासून दणका ऐकला की मी पालथा पडतो. आमच्या गंबो कुत्र्यानं पाठीवर डोकं ठेवलं की माणसात येतो. घरमालक म्हणाला, “आधाराचं कुत्रं असल्याचा दाखला आण, नाहीतर ते बाहेर.” दाखल्यासाठी कुत्र्याची परीक्षा. नियम: पातेलं आपटल्यावर मी ‘ऊठ’ म्हणण्याआधी गंबोनं बूड उचललं की नापास. घरी सराव केला. बायको पातेलं आपटायची, गंबो बसून राहायचा, मी कानात कापूस कोंबून. परीक्षेला कापूस विसरलो. परीक्षक थिबोडोबाईंनी पातेलं टाकलं. गंबो हलला नाही, मी टेबलाखाली. ‘ऊठ’ म्हणायला तोंडच उघडेना. त्याची कुईकुई सुरू. आता उठणार, गेला दाखला! तर गडी बूड फरशीवर घासत, बसल्याबसल्या सरकत आला, पाठीवर डोकं ठेवलं. बाई वाकल्या. “शिपाईबुवा, उठला का गंबो?” “नाही बाई, बसलाय की!” “मग पास!” बाईंनी पातेलं हळूच उचललं.