आलेखातली शेवटची टेकडी

यंत्रातून कागद बाहेर आला आणि शालूनं तो दोनदा वाचला.

नळीवर नाव होतं शिवमचं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा पाच पूर्णांक दोन. फेब्रुवारीत याच पोराचा आकडा तिनं स्वतः काढला होता, अकरा पूर्णांक चार. तो जुना कागद फाइलमधून काढून तिनं दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले.

समोर शिवमचे वडील आप्पासाहेब बसले होते. पडेगावातल्या या लॅबला त्या उन्हाळ्यात त्यांच्याच टँकरचं पाणी यायचं, दर तिसऱ्या दिवशी. आताही बाहेर त्यांचा माणूस कडुबा टाकीत पाइप सोडून उभा होता. कंपाउंडरनं घरीच रक्त काढलं असं सांगत आप्पासाहेबांनी नळी आणून दिली होती. शर्टाच्या खिशातून, गुटख्याच्या पुडीशेजारून.

"झालं का मॅडम? पोरीचा मामा गंगापूरहून निघालाय. तीन महिन्यांचा रिपोर्ट बघितल्याबिगर सुपारी फोडत नाय म्हणतो."

"हे रक्त शिवमचं नाही," शालू म्हणाली.

"नाव वाचा की नळीवरलं."

"नाव वाचलं. रक्तही वाचलं."

आप्पासाहेब हसले. "आवो, तीन महिने नुसत्या भाकरीवर ठेवला त्याला. उतरली साखर."

शालूनं पेन्सिलचं टोक आलेखावर टेकवलं. राग आला की ती सावकाश बोलायची. "रक्तातल्या लाल प्रथिनावर धन भार असतो. यंत्रात जे भरलंय ते ऋण भाराचं, ते त्याला धरून ठेवतं. साखर चिकटली की प्रथिनाचा भार कमी होतो, पकड सुटते, आणि ते लवकर बाहेर पडतं. सुरुवातीची ही टेकडी त्याची. ती लहान झाली, भाकरीनं झाली, असं धरू." पेन्सिल उजवीकडे सरकली. "ही शेवटची बघा. हे प्रथिन जन्मापासूनच जास्त धन भाराचं, म्हणून सगळ्यांत उशिरा सुटतं. ते आईबापाकडून येतं. भाकरीनं येत नाही आणि जातही नाही. फेब्रुवारीत ही टेकडी नव्हती."

आप्पासाहेबांनी अंगठा जिभेवर ओला केला आणि कागद आपल्याकडं ओढला. टेकडीवर तपकिरी ठसा उमटला.

"रक्त तर चांगलं हाय ना? घरच्याच माणसाचं हाय. जन्मात गोड खायला मिळालं नाय त्याला, साखर कुठून निघंल?"

शालूनं दाराबाहेर पाहिलं. पाइप धरलेल्या कडुबाच्या कोपरात कापसाचा बोळा चिकटपट्टीनं लावलेला होता.

"शिवम इन्सुलिन घेतो. मुलीला खरं सांगा. इन्सुलिन घेणारी माणसंही संसार करतात."

"कळंल की लग्न झाल्यावर. संस्कृती नाव तिचं. बी.एस्सी. हाय, समजदार पोरगी. कळल्यावर कुठं जाती?" त्यांनी दातातली सुपारी नखानं काढली, पाहिली आणि परत तोंडात टाकली. "मॅडम, तुमच्या आज्यानं आमच्या रानात मेंढरं बसवली. खत कोणत्या मेंढीचं, रानानं कधी इचारलं का?"

शालूनं पेन्सिल खाली ठेवली.

"टाकी अर्धी झाली आसंल," आप्पासाहेब म्हणाले. "पुरी भरायची ना?"

शालूनं हात कोटाला पुसला. मग दुसराही पुसला. उठून ती दाराशी गेली.

"कडुबाभाऊ, जरा आत या."

कडुबा चपला बाहेर काढून आत आला आणि भिंतीला लागून उभा राहिला.

"घरात कुणाचे हातपाय ठणकतात का?"

कडुबानं आधी मालकाकडं पाहिलं. "लेकीचे. सृष्टीचे. लई ठणकत्यात. डोळेबी पिवळे व्हत्यात. तिची माय म्हणती, नजर लागली."

"नजर नसावी. तुमच्या रक्तात एका आजाराची खूण दिसते. तुम्हाला त्याचा त्रास नाही. पण तिच्या मायच्या रक्तातही ती असली, तर पोरीला आजार होतो. उद्या दोघींना घेऊन या. तपासू. त्यावर औषध आहे."

"माझं रक्त?" कडुबानं कोपरावरचा बोळा चाचपला. "ते तर टँकरच्या लायसनीला लागतं म्हणले."

आप्पासाहेब उठले. जाताना त्यांनी टेबलावरचा कागद घडी करून खिशात घातला.

"त्यावर माझी सही नाही," शालू म्हणाली.

त्यांनी खिशातला कागद काढला, चुरगळला आणि खाली टाकला. बाहेर जाऊन त्यांनी टँकरचा कॉक बंद केला. टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला.

शालूनं शिवमच्या नावाची नळी लाल डब्यात टाकली. नवी नळी घेतली. कडुबाला खुर्चीत बसवलं आणि त्याचा दुसरा हात टेबलावर ठेवायला सांगितला.

"पूर्ण नाव?"

"कडुबा रामहरी."

तिनं नळीवर नाव लिहिलं.

"वय?"

कडुबानं वळून दाराकडं पाहिलं. रस्त्यावर आप्पासाहेब स्वतः पाइप गुंडाळत होते. त्यातलं उरलेलं पाणी धुळीत सांडत होतं.

"ते मालकाला म्हाईत," तो म्हणाला.